बैलामागची रिक्षा

पंचायतीच्या आवारात बैलांनी ओढत आणलेली इलेक्ट्रिक रिक्षा शिरली, तशी अख्खी सभा हसायला लागली. हँडल धरून बसलेल्या दानेश्वरीचं लक्ष मात्र सभेकडं होतं. बॅटरी संपून रिक्षा माळावर बंद पडली होती, आणि इथं नेमका चार्जिंग स्टेशनचाच ठराव चालला होता. एकाचाही विरोध झाला, तर स्टेशन शेजारच्या गावाला जाणार होतं. आणि एक हात वर होता, गुरुबसव मेंबरचा. म्हणत होता, “आपल्या हुलसुरात असल्या गाड्या हायती किती? स्टेशन कामून पायजे?” तेवढ्यात रिक्षातून आवाज आला, “गुरू, हात वर करून कामून उभारलास? इकडं दे, मला उतरायचंय.” आत मेंबरची आई बसली होती. मेंबर धावला, हात दिला. अध्यक्षांनी लगेच विचारलं, “विरोधात कुणी?” मेंबरनं हात उचलायला बघितलं. आईनं तो सोडलाच नाही.