काळं नको

मनीषनगरातल्या नव्या घराची वास्तुशांती होती. "आज घरात काळं काही दिसलं नाही पाहिजे," असं महादेवरावांनी सकाळीच बजावलं आणि काळा शर्ट घालून आलेल्या जावयालाही तो बदलायला लावला.

ऐन होमात लाइट गेली आणि सोलरच्या बॅटरीनेही दगा दिला. सोलरवाला दुर्गेश फोनवर म्हणाला, "काका, वायरी ढिल्या झाल्या असतीन. काढा, पुसा अन् कसून लावा. लाल लालले, काळी काळ्याले. उलटं झालं तं इन्व्हर्टर जळलाच समजा!"

महादेवरावांनी दोन्ही वायरी काढून पुसल्या आणि बघतात तर दोन्ही लाल. "अवं, काळी वायर कुठं गेली?" ते ओरडले.


त्यांची बायको भागीरथाबाई होमाच्या पाटावरूनच म्हणाल्या, "तुम्ही जावयाले नाही सोडलं, तं वायरीले काय सोडता? सकाळीच लाल टेप गुंडाळला मी तिले!"