डावा हात

“एकशे एकवीस!” पवन ओरडला. “भाऊ, पोरगी हाय का रॉकेट?”

“हौशीरामची पोरगी हाय म्हणावं,” हौशीराम म्हणाला आणि त्याने मिशीवरून हात फिरवला.

प्रतीक्षाने पुढचा बॉल तसाच टाकला. मोबाईलमधल्या वेग मोजायच्या ॲपने चौसष्ट दाखवले. मग मैदानापलीकडच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि कोणी काही टाकलेलं नसताना ॲपने नव्वद दाखवले.

“काढ हे,” हौशीराम म्हणाला.

हे दुसरं ॲप गेलं. पहिलं दर बॉलनंतर साबणाची जाहिरात दाखवत होतं. एका वेळी एकच ॲप मावेल एवढीच जागा फोनमध्ये होती. फोन प्रतीक्षाच्या आईचा, शालनचा होता. शालन जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं, आणि तिच्या फोनमधला एकही फोटो पुसायचा नाही असं बापलेकीनं ठरवलं होतं.

रविवारी लोणावळ्याला तालुक्याच्या मुलींच्या संघाची निवड होती. वराळ्याच्या मैदानावर पवन मुलींना शिकवायचा. बाकीच्या गावांतल्या पोरी मोबाईलवर बघून बॉलिंग सुधारतात, आपली मागं राहायला नको, असं त्यानेच सांगितलं होतं.

तिसरं ॲप उतरलं. त्यात दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावता येत. दोघांचे हात, खांदे, गुडघे यांवर ॲप रेघा काढायचं आणि कुठं जुळतं, कुठं चुकतं ते सांगायचं.

हौशीराम खूश झाला. “माझी बॉलिंग लाव तिच्या शेजारी. सगळं गाव म्हणतं, बापाची बॉलिंग उचललीय म्हणून.”

तो नवलाख उंबरे गावच्या कंपनीतून तसाच आला होता. कंपनीचे जड बूट घालूनच तो पळाला. दोनदा ठेचकाळला, पण बॉल टाकला. पवनने व्हिडिओ घेतला, प्रतीक्षाच्या शेजारी लावला. पडद्यावर थोडा वेळ चक्र फिरलं. मग वरपासून खालपर्यंत सगळ्या रेघा लाल झाल्या.

पवनला हसू आवरेना. “भाऊ, कायबी जुळत न्हाई. ॲप म्हणतंय, हिचा गुरू दुसराच कुणीतरी हाय.”

“मशीनला काय कळतंय!” हौशीराम म्हणाला. “पोरीच्या हातात पयला बॉल मी दिला.”

ते खरं होतं. बॉल त्यानेच आणला होता. पण तो शिकवायचा सुट्टीच्या दिवशी. बाकीचे दिवस तो ड्यूटीवर असायचा. परत आला की घराच्या मागच्या भिंतीवर बॉलचे नवे लाल डाग दिसायचे. चांगल्या रंगवलेल्या भिंतीचं वाटोळं झालं म्हणून तो करवादायचा. शालन चुलीपुढून म्हणायची, “पोरगी खेळणार न्हाई तर काय करणार? मी असते ना बॉल आणून द्यायला.” हौशीराम मित्रांना सांगायचा, आमची मंडळी दुपारभर पोरीचे बॉल वेचते, तिला क्रिकेटातलं ओ की ठो कळत नाही.

“हे बघा भाऊ,” पवनचं हसणं थांबलं होतं. त्याने प्रतीक्षाचा व्हिडिओ सावकाश चालवला. ॲपने तिच्या डाव्या हाताभोवती लाल गोल काढला होता. “बॉल टाकायच्या जरा आधी हिचा डावा हात कमरेला जातो. मग वर येतो. फुकटची हालचाल हाय. निवडणारे बारीक नजरेचे असतात. रविवारच्या आत ही खोड मोडली पायजे. प्रतीक्षा, हात तितं का नेतेस गं?”

“मला कुठं माहितीय मी नेते ते!” ती म्हणाली.

“आता न नेता टाक.”

तिने हात आवरून बॉल टाकला. तो स्टंपापासून हातभर लांब गेला. दुसराही गेला. तिसरा थेट कुंपणात. तिचा चेहरा उतरला. “पप्पा, हात धरून ठेवला की बॉल सुटतच नाही. आता काय करू?”

हौशीरामने पवनच्या हातातून फोन घेऊन तिचा व्हिडिओ परत लावला. तो फोन डोळ्यांजवळ धरून उभा होता. पडद्यावर लेक सावकाश पळत येत होती. अंगात टी-शर्ट, ट्रॅक पँट. हात कमरेला गेला. नुसता टेकला नाही. दोन बोटं आत वळली, काहीतरी खोचल्यासारखी दाबली गेली, आणि मग हात मोकळा होऊन वर उठला.

त्याने ते पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं. असा हात त्याने घरात नि शेतात जन्मभर पाहिला होता. भाताची लावणी असो, नाहीतर पाण्याचा हंडा उचलायचा असो.

“प्रतीक्षा,” त्याने विचारलं. “दुपारी आई नुसती बॉल वेचायची का गं?”

“नुसती कशाला? आधी ती टाकायची. मग मी तिच्यासारखं टाकायचे. पाच स्टंप उडवले की मग जेवायला.” ती थोडी हसली. “तुम्हाला सांगू नको म्हणायची. पप्पांना वाटू दे, त्यांनी शिकवलंय म्हणून.”

हौशीरामने फोन शर्टाच्या खिशात ठेवला. वरून हात ठेवला.

“टाक. तुला येतं तसं टाक.”

ती पळत आली. डावा हात कमरेला गेला, वर आला. मधला स्टंप उडून पवनच्या पायाशी पडला.

पवनने स्टंप उचलला. “भाऊ, बॉल झकास हाय. पण रविवारी त्यांनी इचारलं, हा हात कमरेला कशाला जातो, तर काय सांगायचं?”

“सांग, पदर खोचती,” हौशीराम म्हणाला. “शालनची पोरगी हाय म्हणावं.”