आमच्यातलं कोणी

दुबईतल्या मराठी मंडळाने पीएचडी करू पाहणाऱ्या मुलांसाठी शनिवारी मार्गदर्शन ठेवलं होतं, आणि मटेरियल सायन्समधले नावाजलेले डॉ. सदानंद एकेकाशी आपुलकीने बोलत होते. रास अल खोरच्या काँक्रीट टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी करणारी सृष्टी त्यांच्यासमोर येऊन बसली.

"सर, इथल्या युनिव्हर्सिटीत सिलेक्शन झालंय. उद्या त्यांना हो की नाही ते कळवायचंय, पण धीर होत नाही."

"अगं, एवढं मिळालंय तर घाबरतेस कशाला? गाव कुठलं तुझं?"

"परतूर. भीमनगर." तिचा आवाज जरा खाली गेला. "सर, आमच्या वस्तीतलं कोणी पीएचडी झालेलं मी ऐकलं नाही. आमच्यातलं एखादं माणूस असतं तर फोन करून विचारलं असतं, तुम्ही कसं निभावलंत म्हणून. तुमच्या ओळखीत आहे का कोणी?"

सदानंदांनी बाजूला नजर टाकली. शेजारच्याच खुर्चीत मंडळाचे अध्यक्ष चहा घेत बसले होते, आणि त्यांच्या मुलाशी सदानंदांच्या मुलीचं, ओवीचं लग्न ठरलं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "माझ्या तरी ओळखीत कोणी नाही."

"मग राहू दे, सर. नोकरीच बरी." सृष्टी पर्स उचलून निघाली.



आडनाव बदलून दुबईत आलेला भीमनगरचा पहिला पीएचडी, ती दाराबाहेर जाईपर्यंत तिच्या पाठीकडे बघत राहिला.