वरच्या मजल्यावरचे पाहुणे

फोन ठेवल्यावर आफ्राला हायसं वाटलं. कित्येक दिवस मनाला लागलेली टोचणी एकदाची गेली.

"कोणाचा होता?" तिच्या नवऱ्याने, लोइसने विचारलं. तो शेगडीजवळ बसून बुटांना पॉलिश करत होता.

"वरच्या मारेनच्या नवऱ्याचा. किती सभ्य माणूस आहे रे. बोलता बोलता गळा दाटून आला त्याचा. बायकोचं डोकं ठिकाणावर नाही म्हणाला. न सांगता पोरीला घेऊन निघून आलीय. गावोगावी फोन करतोय बिचारा."

"मग तू सांगितलंस, इथे आहे म्हणून?"

"सांगितलं. दुपारी पोचतोय. तिला आधी कळू देऊ नका म्हणाला, उगाच घाबरेल."

लोइसने पुन्हा बुटावर ब्रश फिरवला. वर कोण कसं राहतं याच्याशी आपल्याला काय करायचंय, हे त्याचं नेहमीचं म्हणणं.

आफ्राला मात्र आता सगळं जुळत होतं. घराचा वरचा मजला ती दर हिवाळ्यात पाहुण्यांना देई. बर्फाच्या उतारावर माणसं चढवणारी एकच लिफ्ट असलेल्या या गावात लोक शांततेसाठीच येत. दिवसभर बर्फात घसरून लाल गालांनी परतत. मारेन आठवड्यासाठी म्हणून आली आणि मुक्काम वाढवतच राहिली. स्की तिने एकदाही पायाला बांधल्या नाहीत. समोर एवढा सुंदर उतार, आणि पडदे ओढलेले. अंगणात जागा असून गाडी लाकडांच्या कोठारामागे. पाच वर्षांची फ्रीडा तर इतकी गप्प, की वर मूल आहे हे खाली कळूही नये. आईच अशी, तर पोर हसणार कशी? आता बाप येईल, सगळं मार्गी लागेल.

दुपारी तिला राहवेना. सुपाचं भांडं घेऊन ती वर गेली. फ्रीडा टेबलाशी चित्र रंगवत होती.

"मारेन, घाबरू नकोस," आफ्रा म्हणाली. "तुझा नवरा येतोय."

मारेनच्या हातातली बशी तशीच राहिली.

"तुम्ही सांगितलंत त्याला?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

तेवढ्यात वळणावरून गाडी चढत आल्याचा आवाज झाला. फ्रीडाने पेन्सिल खाली ठेवली. तिने आईकडे पाहिलं नाही, काही विचारलंही नाही. उंबऱ्याबाहेरचे आपले छोटे बूट आत आणले, दिवा मालवला, चित्राचा कागद उशीखाली सरकवला आणि पोटावर सरपटत पलंगाखाली गेली. मग आतून हात काढून चादरीची कड जमिनीपर्यंत नीट ओढून घेतली. रोज दात घासावेत इतकं सवयीचं होतं ते सगळं.

आफ्रा त्या चादरीकडे बघत राहिली. कड जरासुद्धा हलत नव्हती. पोरीने श्वास धरून ठेवला होता.

ती जिन्यापाशी आली आणि कठड्यावरून वाकली.

"लोइस, सांग त्याला, त्या दोघी शनिवारीच गेल्या."

उभ्या संसारात तिने नवऱ्याला कधी खोटं बोलायला लावलं नव्हतं. लोइसने तिच्या तोंडाकडे पाहिलं, बर्फ ओढायचं फावडं उचललं आणि दार उघडून उंबऱ्यात उभा राहिला.

"गेल्या हो त्या," त्याचा आवाज वर ऐकू आला. "बायकोचं वय झालंय, गोंधळ होतो तिचा."

"मी फक्त एकदा वर बघून येतो," तोच फोनवरचा मऊ आवाज.

"वर आम्ही झोपतो. तिथे परका माणूस जात नाही."

मग तो मऊ आवाजाचा माणूस असा काही ओरडला, की मारेनने भिंत धरली. दारावर लाथ बसली, पुन्हा बसली. लोइस जागचा हलला नसावा. शेवटी गाडी वळली आणि आवाज दरीकडे उतरत गेला. खाली लोइसने कडी घातली आणि पोलीस चौकीला फोन लावला.

आफ्रा पलंगाशी गुडघे टेकून बसली आणि चादर वर केली.

"गेला गं बाळ. ये बाहेर."

फ्रीडाने नकारार्थी मान हलवली. अंग चोरून ती भिंतीकडे सरकली आणि शेजारच्या रिकाम्या फरशीवर हात ठेवला.

"बाबा परत येतात," ती कुजबुजली. "तूही ये आत, आजी. जागा आहे."