चढणार कोण

रुद्रप्पानं तिसरी शिडी उघडली, तीही संजयच्याच पुढ्यात.

“सर, ही घ्या. अ‍ॅल्युमिनियमची हाय. एका हातानं उचलती.”

शिडी घ्यायची होती पारूबाईला. आष्टीच्या बाजारात ती आली होती तीच त्यासाठी. पण दुकानात पाय टाकल्यापासून रुद्रप्पा बोलत होता तिच्या लेकाशी, आणि तिला दोनदा सांगून झालं होतं, “मावशी, तुमी बसा की सावलीला.”

ती बसली नाही. पुढं झाली, पहिल्या पायरीवर दोन्ही तळवे टेकले आणि अंगाचा भार टाकला. पायरी लवली. शिडीचा मागचा एक पाय फरशीवरून उचलला गेला.

“हिच्यावर मांजर चढंल,” ती म्हणाली. “दुसरी दाखवा.”

संजयनं घड्याळात पाहिलं. तो बीडला शाळेत मास्तर होता, महिन्यातला एक रविवार गावी यायचा.

“आई, स्टुलावरून पडलीस त्याला अजून महिना झाला नाही. शिडी घरात असावी म्हणून घेतोय. तू चढायचं नाहीस. मी आलो की चढेन, नाहीतर वायरमनला बोलाव.”

“बल्ब जाऊन सतरा दिवस झाले. वायरमन आला न्हाई, तूबी आला न्हाईस. बाबासाहेबांच्या फोटोला जाळं धरलं. मी दिस बुडायच्या आत भाकरी करून घेते, मागून दिसत न्हाई म्हणून. अन् म्हणतो, चढू नको. मग शिडी घ्यायची कावून? पुजायला?”

“म्हणून तर म्हणतो, चल बीडला. किती वेळा सांगू?”

“माझं घर उभं हाय. मीबी उभी हाय.”

पाइपाचं माप घ्यायला आलेली दोन गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. रुद्रप्पा आत गेला आणि मागच्या खोलीतून चौथी शिडी ओढत घेऊन आला. लोखंडी होती. पायरी अशी रुंद, की अख्खं पाऊल मावावं. पायांना जाड रबरी बूट. उघडली तशी मधली पट्टी खट्‌दिशी बसली.

“ही रंगारी लोक नेत्यात,” तो म्हणाला. “मजबुतीला तोड न्हाई. पण जड हाय, मावशीला झेपायची न्हाई. चढणार कोण, सर?”

पारूबाई खाली वाकली. चारी पाय टेकलेत का पाहिलं, पट्टीवर मूठ मारून पाहिली. मग भिंतीपाशी रचलेल्या पुट्टीच्या गोण्यांकडं बोट केलं.

“ही किती किलोची?”

“वीस. का हो?”

तिनं पिशवीतला पंचा काढला, त्याची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली.

“उचलू लागा.”

रुद्रप्पानं संजयकडं पाहिलं.

“तिकडं काय बघता? गोणीकडं बघा.”

गिऱ्हाइकांतला एक जण हसत पुढं आला, त्यानं हात लावला. गोणी डोक्यावर बसली. एक हात गोणीला, एक शिडीला. पारूबाई पहिली पायरी चढली, मग दुसरी. संजय धावलाच. गुडघ्यावर बसून त्यानं शिडीचे दोन पाय घट्ट धरले.

“सोड,” ती वरून म्हणाली.

“आई, खाली उतर. लोक बघतायत.”

“बघू दे. सोड म्हणते ना. तू धरल्यावर शिडी कशी हाय ते मला कळायचं कसं?”

त्यानं सोडलं नाही.

“बावीस हंगाम उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकाला चढले,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण दुकानभर ऐकू गेला. “लाकडाची शिडी, वर दव पडलेलं. तुझ्या वक्ताला सातवा महिना लागला तरी चढत होते. तवा मुकादम म्हणायचा, हात उचल. मावशी पडशील असं एकबी न्हाई म्हणला.”

मग शिडी किंचित सैल झाल्यासारखी तिच्या तळपायाला जाणवली. संजयनं हात काढून घेतले होते.

ती अजून दोन पायऱ्या चढली. वर उभी राहून तिनं भार आधी डाव्या पायावर टाकला, मग उजव्या. डाव्या गुडघ्यातून कळ उठली, पार कमरेपर्यंत गेली. ते तिनं कुणाला कळू दिलं नाही. शिडी मात्र हलली नाही.

“हीच द्या,” ती म्हणाली, आणि एक एक पायरी मोजून टेकत उतरली.

रुद्रप्पानं स्वतः गोणी उतरवून घेतली. “मावशी, टेम्पोत टाकून गावात पोचती करतो.”

“स्टँडपर्यंत तर जायचं. ठेवा खांद्यावर.”

संजयनं दुसरं टोक धरायला हात पुढं केला. तिनं नुसतं त्याच्याकडं पाहिलं. हात मागं गेला. तो पुढं झाला आणि रविवारच्या गर्दीतून वाट काढत चालू लागला. “सरका, जरा सरका. शिडी येतेय.”

चहाच्या टपरीवरून त्याच्या ओळखीचे मोहनराव ओरडले, “काय सर, म्हातारीच्या खांद्यावर लोखंड आन् तुमी मोकळे?”

टपरीवरचे सगळे हसले. संजय थांबला. पारूबाईही थांबली. तिला वाटलं, आता हा वळणार आणि शिडी घेणार. तिनं खांद्यावरची पकड आवळली.

“तिची हाय ती,” संजय म्हणाला. “तुमी बाजूला व्हा.”