तिसरी चिप

चाचणीच्या ओव्हनमध्ये तापवून काढलेला बोर्ड त्याने टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. पुन्हा दाबलं. पुन्हा पडला. मागे जमलेल्या सहकाऱ्यांच्या घोळक्यात कुणीतरी सुस्कारा सोडला. त्याने मान वर केली नाही. अजून गारठ्याच्या पेटीतली चाचणी बाकी होती, आणि मरायला टेकलेल्या बॅटरीवरची.

बोर्डावरची चिप नखाच्या टोकाएवढी होती. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा सगळा कारभार तिच्या हाती. बॅटरीच्या चिमूटभर ताकदीतून शेकडो व्होल्ट साठवायचे आणि इशारा मिळताच क्षणात सोडून द्यायचे. ती घडवली होती त्याच्या बायकोने. आणि कंपनीत चिप पास की नापास हे ठरवणं त्याचं काम होतं.

पहिली चिप ओव्हनमध्ये नियमापुरती तगली, पण त्याने आणखी तासभर ठेवली तेव्हा जळाली. दुसरीने बॅटरी उतरल्यावर कुणी बटण न दाबताच फ्लॅश उडवला. दोन्ही त्याने नापास केल्या. बायकोचं नाव झालेलं याला बघवत नाही, अशी कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू झाली. घरी आईने अबोला धरला. तो सोडला, तोही एवढंच विचारायला, "मोडायला बायकोचंच काम सापडलं का रे तुला?"

बायको मात्र अवाक्षर बोलली नव्हती. जेवण उरकलं की लॅपटॉप उघडून बसायची. त्या गप्प बसण्याने त्याला आतून पोखरलं. तिसरी चिप आली तेव्हा तो साहेबांकडे गेला आणि हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून विनवू लागला. साहेबांनी साफ नकार दिला. वर हेही सांगितलं, की या खेपेला नापास झाली तर सगळं गुंडाळायचं.

तरीही आज तपासताना त्याने हात आखडता घेतला नाही. गारठ्याच्या पेटीत फ्लॅश उडाला. बॅटरी उतरत उतरत पार संपत आली. बटण दाबल्यावाचून उजेड पडला नाही, आणि दाबल्यावर पडायचा चुकला नाही. नियमात नव्हत्या त्या खोड्याही त्याने काढून पाहिल्या. चिप कशालाच बधली नाही. शेवटी त्याच्याकडे करण्यासारखं काही उरलं नाही.

"पास," तो म्हणाला.

एकच गलका उठला. साहेबांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. भिंतीशी उभी असलेली त्याची बायको डोळे पुसत पुढे आली.

"मला यातून सोडवा म्हणून मी साहेबांना सांगून पाहिलं," तो हळूच म्हणाला. "त्यांनी ऐकलंच नाही."

"कसे ऐकतील? तपासणीला तूच हवास, असं मी त्यांना बजावलं होतं. पहिल्या चिपपासून."

"पण का?" त्याने विचारलं.

ती हसली. "दुसऱ्या कुणीही पहिलीच पास केली असती."