करवंटीची बॅटरी

शीतपेटीत तापमान उणे तीस होतं आणि काचेआडचा दिवा अजून जळत होता. शेजारचा, तशाच थंडीत चार्ज केलेल्या नेहमीच्या बॅटरीवरचा, मघाशीच विझला होता.

"और इसमें सचमुच नारियल है?" कर्नल बत्रांनी तिसऱ्यांदा विचारलं.

नारळ नाही, करवंटीपासून केलेला कार्बन, हे ती बॅटरी बनवणाऱ्या लतिकानंही तिसऱ्यांदा सांगितलं. सात वर्षं हेच सांगून आता तिला रागसुद्धा येत नसे. कडाक्याच्या थंडीत चार्ज करताना साध्या बॅटरीतलं लिथियम आत शिरायला कुरकुरतं, वरच साचून बसतं. करवंटीच्या कार्बनमध्ये त्याला ऐसपैस जागा मिळते. एवढीच गोष्ट.

कर्नल हसले, मग गंभीर झाले. बॅटरी वायरलेस सेटची होती. वर बर्फात ती मेली, तर अख्खी चौकी मुकी होते.

"लॅब में तो सब चलता है, डॉक्टर. पहिली खेप कुठे पाठवू? किसके आदमी पर आज़माऊँ?"

लतिकानं आकड्यांची वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती उघडलीही नाही.

"मेरे आदमी पे आज़माओ, साहब."

दारात द्वारका उभी होती. कँटोनमेंटच्या क्वार्टरमधून रोज लॅबमध्ये करवंट्या तासायला येणारी, कोपरापर्यंत काळी. तिचा नवरा, नाईक धोंडीराम, नोव्हेंबरपासून लडाखला होता.

"द्वारकाताई, अहो, काही चुकलं तर?" लतिका घाबरलीच.

"कसं चुकेल, मॅडम? एकूण एक करवंटी मी तासलीय. काथ्याची शीर राहू दिली नाही, मातीचा कण नाही." मग ती कर्नलकडे वळली. "उनका सेट इस जाड़े में दो बार बंद पड़ा, साहब. तब तो किसी ने मुझसे पूछा नहीं था."

कर्नलनी खिशातून पेन काढलं.

"यूनिट?"

द्वारकानं यूनिट सांगितलं, नवऱ्याचा फौजेतला नंबर सांगितला, आणि कर्नलनी लिहिलेला एक आकडा दुरुस्त करून घेतला. मग हात पदराला पुसत म्हणाली, "येते मी मॅडम, आजची गोणी तशीच पडलीय."

शीतपेटीतला दिवा जळतच होता. जाताना तिनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.